एका अमावास्येची दोन नावे : रायपूरची हरेली आणि दिव्यांची अवस

छत्तीसगडमध्ये १ ऑगस्ट २०१९ रोजी हरेलीची पहिली सार्वजनिक सुट्टी साजरी झाली. राज्य शासनाने त्या वर्षी हरेली, तीजा, विश्व आदिवासी दिन, माता कर्मा जयंती आणि छठ या पाच दिवसांचा सुट्ट्यांच्या यादीत समावेश केला होता. राजधानी रायपूरमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांच्या निवासस्थानीही हा सण थाटात पार पडला. शेतकऱ्याच्या अंगणात होणारी अवजारांची पूजा अशा रीतीने शासकीय दिनदर्शिकेत आली.

योगायोग असा, की १ ऑगस्ट हा युरोपातील प्राचीन केल्टिक लोकांच्या ‘लूनसा’ या ऋतुसणाचाही दिवस. युरोप-अमेरिकेत गेल्या काही दशकांत हे जुने सण घरच्या घरी साजरे करण्याची हौस वाढली आहे. त्यासाठी पुस्तके वाचली जातात आणि विस्मृतीत गेलेले विधी जुळवून पाहिले जातात. रायपूरमध्ये असा शोध घ्यावा लागत नाही. तेथे ऋतुसण घराच्या चौकटीवर, गोठ्यात आणि तव्यावर अद्याप जिवंत आहे. इतकेच नव्हे, तर एकाच तिथीला शेजारशेजारच्या दोन घरांत तो दोन निराळ्या नावांनी साजरा होतो.

श्रावण कोणाचा आधी?

हरेली श्रावण अमावास्येला येते, असे छत्तीसगडी शेजारी सांगतो. मराठी घरातील पंचांग त्याच दिवसाला आषाढ अमावास्या म्हणते आणि त्या दिवशी दिव्यांची पूजा करायला सांगते. यात चूक कोणाचीच नाही. उत्तर भारतात आणि छत्तीसगडमध्ये महिना पौर्णिमेला संपतो. ही पूर्णिमान्त पद्धत होय. महाराष्ट्र, गुजरात आणि दक्षिणेत तो अमावास्येला संपतो. ही अमान्त पद्धत. शुक्ल पक्षातील महिन्याचे नाव दोन्हीकडे सारखेच असते. कृष्ण पक्षात मात्र पूर्णिमान्त पंचांग पुढच्या महिन्याचे नाव आधीच लावून मोकळे होते.

त्यामुळे रायपूरच्या एकाच गल्लीत श्रावण दोनदा सुरू होतो. २०२५ साली उत्तर भारतीय पंचांगानुसार तो ११ जुलैला लागला आणि शेजारच्या घरी १४ जुलैला पहिला श्रावणी सोमवार झाला. मराठी घरातील श्रावण २५ जुलैला लागला, पहिला सोमवार २८ तारखेला. या दोहोंच्या मधली २४ जुलैची अमावास्या एका घरात हरेली होती, तर दुसऱ्या घरात दिव्यांची अवस. तिथी केव्हा सुरू होते आणि केव्हा संपते यावरून एखाद्या वर्षी दोन घरांचे दिवस एकाने पुढेमागे होतात, तिथी मात्र तीच असते.

महिन्याचे असे दोन भाग पाडणे ही केवळ भारतीय रीत नव्हे. फ्रान्समधील कोलिन्यी या गावी १८९७ साली काशाच्या एका दिनदर्शिकेचे तुकडे सापडले. गॉल प्रदेशातील केल्टिक भाषेत कोरलेली ही दिनदर्शिका साधारणपणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील मानली जाते. तीत प्रत्येक चांद्रमासाचे दोन पक्ष वेगळे दाखवले असून पाच वर्षांत ६२ महिने आहेत. म्हणजे साठ नेहमीचे आणि दोन अधिक. आपल्याकडे अधिक मासाचा हिशेब ठेवणाऱ्या कोणाही ज्योतिषाला ती पाहून ओळखीचे हसू येईल. केल्टिक लोक काळ दिवसांनी नव्हे, रात्रींनी मोजतात, अशी नोंद ज्युलियस सीझरने गॉलच्या युद्धावरील आपल्या ग्रंथात करून ठेवली आहे.

नांगर धुतला जातो तेव्हा

हरेली हा शब्द हिरवाईशी निगडित आहे. भाताची पेरणी आटोपलेली असते, रोपे हातभर झालेली असतात. छत्तीसगडमध्ये फेकून पेरलेल्या भाताच्या उभ्या पिकातून हलकी नांगरट करण्याची ‘बियासी’ नावाची जुनी पद्धत आहे. त्यामुळे तण मोडते आणि दाट झालेली रोपे विरळ होतात. नांगराचे आणि बैलांचे मोठे काम संपते ते याच सुमारास. हरेली म्हणजे या कामानंतरची विश्रांती, आणि तीही प्रथम अवजारांची.

त्या दिवशी नांगर, कुदळ, फावडे, कुऱ्हाड, विळा, सुताराचा वाकस आणि पटाशी अशी घरातील सर्व हत्यारे धुऊन अंगणात आणली जातात. खाली मुरूम पसरून त्यावर ती मांडतात, गंध-फूल वाहतात आणि गुळाच्या ‘चिला’चा नैवेद्य दाखवतात. चिला म्हणजे तांदळाच्या पिठाचे धिरडे. मराठी पाहुण्याला येथे एक गंमत आढळते. नांगराला छत्तीसगडी बोलीतही ‘नांगर’च म्हणतात; हिंदीतील ‘हल’ हा शब्द अंगणात फारसा फिरकत नाही.

गुरांसाठी वेगळी व्यवस्था असते. कणकेत मीठ घालून केलेला गोळा शिवणीच्या किंवा एरंडाच्या पानात गुंडाळून त्यांना चारतात. त्याला ‘लोंदी’ म्हणतात. गुरे राखणारे राऊत रानातून कंदमुळे आणि औषधी वनस्पती आणून, त्या उकळून गावात वाटतात. पावसाळा हा गुरांच्या साथीचा काळ. मिठाचा गोळा आणि रानातले औषध यांना सणाचे रूप देणाऱ्यांना गोठ्याची चांगली जाण होती, हे मान्य करावे लागेल.

यानंतर पाळी येते दाराची. राऊत घरोघरी कडुनिंबाची डहाळी खोचून जातो. लोहार येऊन चौकटीला खिळा ठोकतो. घरधनी दोघांनाही धान्य देतो. बाया घराच्या भिंतीवर शेणाने, बोटांनी ओढलेल्या साध्या आकृत्या काढतात. त्यांना ‘सवनाही’ म्हणतात. सावनात, म्हणजे श्रावणात, रोगराई आणि अनिष्ट काही घरात येऊ नये, हा त्यामागचा हेतू. गावाच्या वतीने बैगा वेशीवर पूजा करून गाव ‘बांधतो’.

शेजारच्या घरातील पाट

रायपूरशी मराठी माणसाचे नाते नवे नाही. नागपूरकर भोसल्यांचे राज्य अठराव्या शतकाच्या मध्यास छत्तीसगडवर पसरले. बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथून १७८७ पर्यंत कारभार पाहिला. पुढे १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी कॅप्टन अ‍ॅग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले, आणि १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले. कारकून, वकील, शिक्षक, पुरोहित अशा अनेक नात्यांनी आलेली मराठी कुटुंबे येथेच रुजली. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून कार्यरत आहे.

अशा घरात अमावास्येच्या दिवशी नांगर नसतो. तेथे चिंच आणि राख लावून समया, निरांजने, लामणदिवे घासले जातात. पाटाभोवती रांगोळी काढून ते मांडतात, उजळतात आणि त्यांची पूजा करतात. कणकेत गूळ घालून उकडलेले दिवे केले जातात; ते तुपासोबत खायचे. भिंतीवर जिवतीचा कागद लागतो. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती यांची चित्रे असलेल्या या कागदाची पूजा श्रावणाच्या शुक्रवारी होते, ती घरातील लेकरांच्या आयुष्यासाठी.

म्हणजे एका भिंतीवर शेणाची सवनाही, दुसरीवर छापील जिवती. एका अंगणात वर्षभर राबलेले लोखंड विसावते, दुसऱ्या घरात वर्षभर तेवलेले पितळ. महाराष्ट्रात या तिथीला ‘गटारी’ नावाचे जे काही चिकटले आहे, त्याच्या गोंगाटात दिव्यांची ही शांत पूजा झाकोळली जाते. रायपूरच्या मराठी गृहिणीला निदान तो त्रास कमी असावा.

आयर्लंडची चौकट

केल्टिक वर्षाचे चार मोठे सण सांगितले जातात. १ नोव्हेंबरचा सॉविन, १ फेब्रुवारीचा इमबोल्क, १ मेचा बेल्टेन आणि १ ऑगस्टचा लूनसा. सॉविनपासून गुरे रानातून घरी परतण्याचा आणि अंधाऱ्या अर्ध्या वर्षाचा काळ सुरू होई. बेल्टेनला ती पुन्हा चराईला निघत. लूनसाला नव्या पिकाची पहिली कापणी होई. आयरिश भाषेत मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांना आजही याच सणांची नावे आहेत. हॅलोवीन म्हणून जगभर पसरलेली ३१ ऑक्टोबरची रात्र ही मूळची सॉविनची पूर्वसंध्या. भोपळ्याचा दिवा अमेरिकेतील. आयर्लंडमध्ये तो सलगम पोखरून करीत.

हे सण मोठ्या प्रमाणात घरचेच होते. इमबोल्कचा दिवस पुढे संत ब्रिजिडच्या नावाने पाळला जाऊ लागला. त्याच्या आदल्या रात्री लव्हाळ्याच्या काड्या विणून क्रूस तयार करतात आणि दारावर अथवा गोठ्यात टांगतात. एक कापड रात्रभर बाहेर ठेवतात आणि ते पुढे माणसांच्या व गुरांच्या दुखण्यावर जपून वापरतात. बेल्टेनला गुरे दोन अग्नींच्या मधून नेत, असा उल्लेख सुमारे अकराशे वर्षांपूर्वीच्या आयरिश शब्दकोशात आहे. गुरांचे रोगापासून रक्षण व्हावे, हे कारणही तेथेच दिले आहे. सॉविनच्या पावात अंगठी दडवून भाजतात. ती ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचे लग्न लवकर, असा खेळ. लोखंडाचा धाक अदृश्य शक्तींना असतो, ही समजूत तेथेही घट्ट होती. घोड्याची नाल त्यामुळेच दारावर गेली.

यावरून हरेली आणि केल्टिक सण यांचे मूळ एकच, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. गुरे आणि धान्य यांवर जगणाऱ्या, रोगाचे कारण ठाऊक नसलेल्या माणसांनी दार, गोठा आणि अवजार यांभोवती सण रचावेत, हे दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सहज घडू शकते. हंगामही जुळत नाहीत. लूनसा कापणीचा सण आहे, हरेलीला भाताला कणीस यायचे असते.

शिवाय, आज पाश्चात्त्य शहरांत ‘केल्टिक’ म्हणून जे आठ सणांचे वर्षचक्र घरी पाळले जाते, ते त्या स्वरूपात जुने नाही. चार केल्टिक सण आणि अयन-संपाताचे चार दिवस एकत्र गुंफण्याचे काम इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यास झाले. ब्रिटिश इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी या इतिहासाची सविस्तर चिकित्सा केली आहे. एडिंबरामधील बेल्टेनचा प्रसिद्ध अग्निमहोत्सवही १९८८ पासूनचा. नवे म्हणून ते खोटे ठरत नाही. मात्र मेणबत्ती, भाकरी आणि ऋतूतील फळे मांडून ते साजरे करणाऱ्याला आपण पुनर्रचना करीत आहोत, याची जाणीव असलेली बरी. आयर्लंडने २०२३ पासून संत ब्रिजिडच्या दिवसानिमित्त सार्वजनिक सुट्टी सुरू केली. हरेलीच्या सुट्टीनंतर चार वर्षांनी.

डहाळीमागची भीती

कडुनिंबाची डहाळी आणि चौकटीतील खिळा यांची एक बाजू सणाच्या कौतुकात सहसा सांगितली जात नाही. हरेलीच्या रात्री ‘टोनही’ फिरते, मंत्र साधते, अशी छत्तीसगडमध्ये जुनी समजूत आहे. टोनही म्हणजे चेटकीण. डहाळी अदृश्य टोनहीसाठी असली, तरी संशय दृश्य बाईवरच जातो. ती बहुधा विधवा, एकाकी, वृद्ध किंवा जिच्या नावावर थोडी जमीन आहे अशी असते. गावात मूल आजारी पडले, गाय दगावली, की बोट तिच्याकडे वळते. मारहाण, बहिष्कार, गावातून हाकलणे आणि प्रसंगी हत्याही यातून घडलेल्या आहेत.

या छळाविरुद्ध छत्तीसगड विधानसभेने २००५ मध्ये टोनही प्रताडना निवारण अधिनियम संमत केला. कोणाला टोनही ठरवल्यास तीन वर्षांपर्यंत, आणि त्यावरून शारीरिक वा मानसिक छळ केल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद त्यात आहे. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला तो त्यानंतर आठ वर्षांनी, २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर. रायपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हरेलीच्या रात्री मुद्दाम खेड्यांत फिरतात, लोकांशी बोलतात आणि कोणतीही स्त्री टोनही नसते, हे सांगतात. अमावास्येच्या काळोखात काही दिसत नाही, हेच दाखवण्यासाठी बाहेर पडणारी ही मंडळी एका अर्थी हरेलीच पाळत असतात.

आयर्लंडही यातून सुटलेला नाही. १८९५ च्या मार्च महिन्यात टिपररी परगण्यात ब्रिजिट क्लिअरी या तरुण स्त्रीला तिच्या पतीने जाळले. ही आपली पत्नी नसून पऱ्यांनी ठेवलेली बदली आहे, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले.

या संदर्भात मराठी घरात त्याच दिवशी वाचली जाणारी दिव्यांच्या अवसेची कहाणी निराळी वाटू लागते. राजाची सून चोरून खाऊ खाते आणि आळ उंदरांवर घेते. उंदीर सूड म्हणून तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात टाकतात. कोणी काही विचारत नाही. सून घराबाहेर काढली जाते. ती दरवर्षी घरातील दिवे स्वतः घासून उजळीत असे, तिच्यामागे ते कोणी करीत नाही. अवसेच्या रात्री गावातील सर्व दिवे एका झाडावर जमून सुखदुःखाच्या गोष्टी करतात, तेव्हा राजवाड्यातील दिवा खरे काय घडले ते सांगतो. झाडाखाली थांबलेला राजा ते ऐकतो, चौकशी करतो आणि सुनेला सन्मानाने परत आणतो. सून अगदीच निरपराध नव्हती, हे कहाणी लपवीत नाही. पण जो आळ तिच्यावर आला तो खोटा होता, आणि साक्ष द्यायला शेवटी दिवे पुढे आले.

बांबूवर चढलेला श्रावण

रायपूर आज वाढते महानगर आहे. शहराच्या वसाहतींत नांगर नाही, खेड्यांतही बियासी ट्रॅक्टरपुढे मागे पडली. हरेलीचे काय उरते? अनेक घरांत पाना-पकड, विळी, शिवणयंत्र यांना गंध लागते. मोटारसायकलही पूजेतून सुटत नाही. शासनाने या दिवसाला योजनांचे मुहूर्तही जोडले. २० जुलै २०२० च्या हरेलीला शेण दोन रुपये किलोने विकत घेणारी गोधन न्याय योजना सुरू झाली. २८ जुलै २०२२ च्या हरेलीपासून गोमूत्र चार रुपये लिटरने घेतले जाऊ लागले. मुहूर्त म्हणून निवड समर्पक होती, पण सणाचे आयुष्य योजनेच्या आयुष्यावर अवलंबून नसते. बघेल सरकार डिसेंबर २०२३ मध्ये गेले, हरेली आपल्या तिथीला येतच राहिली.

मुलांसाठी मात्र हरेलीचा अर्थ एकच, आणि तो म्हणजे गेडी. दोन उंच बांबू, त्यांना पाय ठेवण्यापुरते आडवे तुकडे काथ्याच्या दोरीने आवळून बांधलेले, आणि त्यावर तोल सावरीत चालणे. पावसाळ्यातील चिखलाने भरलेल्या वाटांवर ती सोयीची, असे कारण दिले जाते. खरे कारण आनंद हेच असावे. दोरीच्या गाठीवर थोडे रॉकेल ओततात, म्हणजे पावलागणिक ‘रच-रच’ असा आवाज निघतो. आवाज न करणारी गेडी मुले कमी प्रतीची समजतात. शहरात ती तयार विकत मिळते, पण आपल्या उंचीची गेडी बांधून देणारा काका वा आजोबा ज्याला आहे, त्याचा रुबाब अर्थातच वेगळा.

गेडीला मुदत असते. हरेलीला चढायचे ते पोळ्यापर्यंत. छत्तीसगडी पंचांगात हा काळ श्रावण आणि भाद्रपद यांत विभागलेला दिसतो. मराठी पंचांग उघडले, की तो अमावास्या ते अमावास्या, अगदी मोजून एक श्रावण भरतो. २०२३ साली अधिक श्रावण आला, तेव्हा १७ जुलैची हरेली आणि १४ सप्टेंबरचा पोळा यांत दोन महिन्यांचे अंतर पडले आणि मुलांना गेडी दुप्पट लाभली. दोन पंचांगांची घरे इतर बाबतींत पंधरवडाभर पुढेमागे असली, तरी गेडीचा महिना दोघांनाही एकाच दिवशी सुरू होतो आणि एकाच दिवशी संपतो.

पोळ्याला दोन्ही घरे पुन्हा एका तिथीवर येतात. छत्तीसगडी घरात मातीचे बैल मुलांच्या हाती येतात, मुलींसाठी मातीचे जाते आणि चूलभांडी. तळणीत ठेठरी आणि खुरमी. मराठी घरात पुरणपोळी आणि पिठोरीची पूजा. दुसऱ्या दिवशी, नारबोदला, गेड्या गावाच्या शिवेवर किंवा तळ्यावर नेऊन ‘थंड’ केल्या जातात. त्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, रोगराई आणि पीडा सोबत घेऊन जाण्यासाठी. रायपूरची मराठी आजी नागपूरकडची असेल, तर नातवाची गेडी तळ्याकडे निघताना तिला मारबतीच्या आरोळ्या आठवतात, आणि त्या ती दारातूनच देते.